ना नोंदणी, ना नंबर: वाचनालयातले एक साधे टेबल

नवतपा लागला की नागपूरची दुपार थांबते. पारा ४५ अंशांच्या आसपास, रस्ते ओस, दुकानांची शटर अर्धी खाली. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्याचे कारणही हेच ऊन. त्यामुळे इथल्या मुलांना सुटी जरा लांब मिळते आणि त्या सुटीतले सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंतचे तास पडदे ओढलेल्या खोलीत, कूलरसमोर जातात. त्या तासांत मुलांच्या हातात काय असते, हे वेगळे सांगायला नको.

पालकांपुढे मग एकच दुसरा मार्ग उरतो, उन्हाळी शिबिराचा. फी भरा, वेळ पाळा, रोज हजेरी द्या, शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर काही तरी सादर करा आणि प्रमाणपत्र घेऊन घरी या. शिबिरे वाईट नसतात. काही मुलांना ती मनापासून आवडतातही. पण वर्षभर शाळा, शिकवणी आणि चाचण्या यांच्या वेळापत्रकात धावलेल्या मुलाला सुटीतही वेळापत्रकच मिळते. शिवाय ज्या घरात शिबिराची फी परवडत नाही, तिथे हा मार्गही बंद असतो.

परदेशातल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी यावर काढलेला तोडगा फार साधा आहे. बालविभागात एक टेबल मांडलेले असते. त्यावर रंगीत खडू, कोरे कागद, लाकडी ठोकळे, अर्धवट जुळवलेले चित्रकोडे, एखादा बुद्धिबळाचा पट. नाव नोंदवायचे नाही, पैसे द्यायचे नाहीत. मुलाने मनात येईल तेव्हा यावे आणि कंटाळा आला की उठावे. पाच मिनिटे बसले तरी चालते, दोन तास बसले तरी चालते. काय करायचे ते कोणी सांगत नाही, काय केले ते कोणी तपासत नाही. शेजारी पुस्तकांची कपाटे उघडी असतात. मुलाने त्यांच्याकडे वळावे अशी इच्छा असते, आग्रह नसतो.

एवढ्याने काय होणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण या टेबलाचा गुण त्यावर काय ठेवले आहे यापेक्षा तिथे काय नाही, यात आहे. नोंदणी नाही, परीक्षक नाही, बक्षीस नाही, उशीर झाला म्हणून रागावणारे कोणी नाही. आणि या नसण्याचा मुलांच्या मनाशी आणि शरीराशी काय संबंध आहे, हे संशोधकांनी गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या बाजूंनी तपासले आहे.

बक्षिसाचा उलटा परिणाम

१९७३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की चित्र काढले तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितले नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेन पुन्हा मोकळे ठेवले आणि कोण किती वेळ आपणहून चित्र काढतो, हे पाहिले. काहीच न मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळाचा सुमारे १७ टक्के भाग चित्रांना दिला. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांनी १८ टक्के. आणि ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढले होते, त्यांनी जेमतेम ९ टक्के.

म्हणजे जे काम मूल आवडीने करत होते, तेच बक्षिसासाठी करायला लावले आणि आवड निम्म्यावर आली. मुलाच्या मनात हिशेब बदलतो. ‘मला आवडते म्हणून करतो’ याच्या जागी ‘ते मिळते म्हणून करतो’ येते, आणि ते मिळणे थांबले की करणेही थांबते. आपल्याकडे कोणताही बालउपक्रम चित्रकला स्पर्धा, पाठांतर स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा याच वाटेने जातो. तीन मुलांना ढाल मिळते, बाकीची तीस मुले आपल्याला चित्र काढता येत नाही हे शिकून घरी जातात. दोन्हीकडे तोटाच.

दुसरी बाजू शरीराची आहे. १९८३ मध्ये एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ मुलांचा रक्तदाब मोजला, एकदा स्वस्थ बसलेले असताना आणि एकदा मोठ्याने वाचताना. वाचताना रक्तदाब वाढला. अनोळखी माणसासमोर वाचून दाखवणे हा मुलाच्या शरीरासाठी चक्क ताण असतो, तो आकड्यांत दिसला. त्याच खोलीत एक शांत कुत्रा असताना मात्र रक्तदाब कमी भरला. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत मुलांनी प्रशिक्षित कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो अनेक ग्रंथालयांत पोहोचला. ऐकून हसू येते. पण अडखळत वाचणाऱ्या किंवा बोलताना अडकणाऱ्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. कुत्रा मध्येच थांबवत नाही, ऱ्हस्व-दीर्घ काढत नाही, शेजारच्या बंटीचे उदाहरण देत नाही.

नागपूरच्या वाचनालयात कुत्रा आणण्याची गरज नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे निवृत्त आजोबा तिथे असतातच. चूक न काढता ऐकायचे, एवढी एक अट त्यांना पाळता आली तर काम होते. (ही अट वाटते तितकी सोपी नाही. विशेषतः आजोबा निवृत्त शिक्षक असतील तर.)

मोकळ्या वेळात मेंदू काय करतो

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचा आठवड्याचा दिनक्रम पालकांकडून लिहून घेतला. शिकवणी, क्लास, गृहपाठ, घरकाम हा एका बाजूचा वेळ, तर आपल्या मनाने खेळणे, वाचणे, घरच्यांबरोबर फिरणे हा दुसऱ्या बाजूचा. मग मुलांना एक चाचणी दिली. एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायची. सोपी वाटली तरी तिच्यात एक खोच आहे. कुत्रा, मांजर, गाय असे घरचे प्राणी संपले की जंगलात जायचे, तिथून पाण्यात जायचे, हे मुलाला स्वतःलाच सुचावे लागते. कोणी ‘आता जंगलातले सांग’ म्हणत नाही. ज्यांच्या वाट्याला मोकळा वेळ जास्त होता, त्या मुलांना ही उडी जास्त चांगली जमली. स्वतःचे काम स्वतः ठरवण्याची आणि एका कामातून दुसऱ्याकडे वळण्याची ही क्षमता पुढे अभ्यासातही लागते.

अर्थात हा अभ्यास दोन गोष्टी बरोबर दिसतात एवढेच सांगतो, एकीमुळे दुसरी होते असे सिद्ध करत नाही. कदाचित स्वतंत्र वृत्तीच्या मुलांनाच घरचे लोक मोकळे सोडत असतील. या क्षेत्रातले बरेच अभ्यास लहान आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चित्र रंगवल्याने ताण उतरतो, असा दावा सध्या फार ऐकू येतो. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ जणांना पाऊण तास रंग, माती, कागद यांत रमू दिले, तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश लोकांच्या लाळेतले कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झाले. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले यांत फरक पडला नाही, ही त्यातली छान गोष्ट. पण ते सगळे प्रौढ होते आणि नुसते शांत बसवलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. रंगकाम म्हणजे उपचार, असे त्यावरून म्हणता येत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये खेळाविषयी सविस्तर अहवाल काढला आणि मुलांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पालकांना खेळाचे महत्त्व सांगावे असे सुचवले, ते अशा एका अभ्यासाच्या बळावर नव्हे, अनेक बाजूंनी जमलेल्या पुराव्यावर.

वाचनाच्या बाबतीत मात्र निवडीच्या स्वातंत्र्याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांतील मुलांना सलग तीन उन्हाळे दर सुटीत १२ पुस्तके दिली. प्रश्नपत्रिका नव्हती, वही नव्हती. पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती, एवढाच मुद्दा. त्यात सिनेतारे, गायक यांच्यावरची पुस्तके उचलणारेही पुष्कळ होते. तीन वर्षांनी या मुलांची वाचनातली कामगिरी पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस निघाली. फरक मोठा नव्हता, पण खरा होता.

हे आपल्याला नवीन नाही

असे उपक्रम म्हणजे परदेशी खूळ, असे कोणी म्हणेल तर त्याने बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि तिथे पुस्तकांबरोबर चित्रे आणि खेळही मांडलेले असत. शंभर वर्षांपूर्वी, मराठी राजाच्या राज्यात.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. मूल कुठे सहज येईल हे आधी पाहायचे आणि मग काय शिकवायचे ते ठरवायचे, हा क्रम त्यामागे होता. पुण्यातल्या गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी मुलांच्या खेळाला आणि हातांना वाव देणारे काम वर्षानुवर्षे केले. नागपुरातही १९९२ पासून उभ्या असलेल्या रमण विज्ञान केंद्रात मुले कळ दाबतात, चाक फिरवतात, मनाला येईल त्या प्रयोगासमोर थांबतात आणि न आवडलेला सोडून पुढे जातात. तिथे कोणी गुण देत नाही, म्हणून मुले विज्ञान शिकत नाहीत असे कोणी म्हणत नाही.

दुपारी कुलूप

नागपुरात वाचनालयांची वाण नाही. बर्डीवरचे राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आणि महालातले राष्ट्रीय वाचनालय ही जुनी नावे, शासनाचे विभागीय ग्रंथालय आहे, वस्त्यावस्त्यांतली छोटी वाचनालये वेगळी. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाची चौकट मिळाली, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि बालविभाग हा त्यांच्या कामाचा भाग मानला गेला. पण पुष्कळ ठिकाणी बालविभाग म्हणजे काचेचे एक कपाट, आणि त्याची किल्ली ग्रंथपालांच्या खणात.

अडचणी खोट्या नाहीत. पहिली वेळेची. राज्यातली अनेक वाचनालये सकाळी काही तास आणि पुन्हा संध्याकाळी उघडतात. म्हणजे मुलांना जागेची सर्वात जास्त गरज असते, नेमके तेव्हा दाराला कुलूप असते. मुलांना भर दुपारी घराबाहेर काढणे योग्यही नाही. पण सकाळी दहाच्या आत डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आलेले मूल ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबू शकले, तर उन्हातला एक फेरा वाचतो. मे महिन्यात निदान एका खोलीपुरते दुपारचे दार उघडे ठेवणे, हा वाचनालयाने करण्यासारखा सर्वात मोठा आणि कदाचित सर्वात महागडा बदल आहे, कारण त्यासाठी माणूस लागतो. कूलरचा खर्च त्या मानाने काहीच नाही. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होऊन हवा थंड करते, म्हणून कूलर नागपूरच्या मेमध्ये उत्तम चालतो आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की रुसतो. मात्र त्याला आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते. खोली बंद करून मुले बसवली तर घामाघूम होतात. खिडकी थोडी उघडी हवी.

दुसरी अडचण शांततेची. शहरातल्या वाचनालयांत आज सर्वाधिक गर्दी असते ती स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेला पंधरा दिवस उरलेल्या मुलीच्या शेजारी सापशिडीचा फासा खुळखुळला तर ती चिडणारच, आणि तिचे बरोबर आहे. दोघांना एका दालनात बसवून दोघांनाही समजुतीने घ्यायला सांगणे हा उपाय नव्हे. मुलांची जागा वेगळी हवी. व्हरांडा, जिन्याखालचा कोपरा, सभागृह रिकामे असेल तर ते. सभागृहे बहुधा रिकामीच असतात.

तिसरी अडचण कोणी बोलून दाखवत नाही. असा उपक्रम अहवालात नीट मांडता येत नाही. उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत, विजेत्यांचा फोटो नाही. वाचन प्रेरणा दिनाला हार-तुरे आणि भाषणे झाली की कार्यक्रमाची नोंद होते. टेबलावर सतरा मुले येऊन गेली, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? म्हणून चांगल्या मनाने सुरू केलेले असे टेबलही महिन्याभरात स्पर्धा होऊन बसते. लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आठवावा तो इथे.

टेबलावर काय

सामान स्वस्त आहे. पाठकोरे कागद, खडू, बोथट कात्री, जुन्या लग्नपत्रिका, आगपेटीच्या रिकाम्या डब्या. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी करून दाखवली. पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती मराठीतही मोफत मिळतात. शीतपेयाच्या नळीचे एक टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरपे कापले की पिपाणी होते. वाजवता वाजवता दुसरे टोक कात्रीने कापत गेले की सूर चढत जातो. हवेचा स्तंभ आखूड झाला की आवाज उंच होतो, हे मुलाला तिथेच कळते. (हा खेळ व्हरांड्यातच ठेवलेला बरा.)

‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक कपाटात बांधून ठेवण्याऐवजी टेबलावर पसरून ठेवावेत. फाटतील, चालेल. एक बुद्धिबळाचा पट असावा. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्या ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हापासून या शहरात पटाकडे पाहण्याची नजर बदलली आहे. पण वाचनालयातल्या पटाशेजारी घड्याळ नसावे आणि प्रशिक्षकही नसावा. अर्धा डाव सोडून गेलेल्या मुलाच्या जागी दुसऱ्याने बसावे.

स्वमग्न मुलांसाठी आणि गोंगाटाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी हे टेबल विशेष उपयोगाचे आहे, कारण हवे तेव्हा उठून जाता येते हीच त्यांची मोठी गरज असते. भिंतीकडे तोंड करून बसायची एखादी जागा, डोळ्यांत न खुपणारा दिवा आणि ‘नाव काय, कितवीत आहेस’ न विचारणारा माणूस, एवढे पुरते. घरी काही तयारी करायची तर मुलाला एकदा गर्दी नसताना आणून जागा दाखवावी आणि बाहेर जायचे दार कुठे आहे ते सांगावे.

पालकांचे काम थोडे आणि अवघड आहे. लहान मुलाबरोबर कोणी मोठे हवेच, वाचनालय म्हणजे पाळणाघर नव्हे. पण बसायचे ते जरा बाजूला, स्वतःचे पुस्तक घेऊन. ‘आज काय केलेस’ याऐवजी ‘उद्या जायचे का’ एवढेच विचारावे. मुलाने आठवडाभर एकही पुस्तक न उघडता फक्त ठोकळे रचले तर फी वाया गेली असे वाटायचे कारण नाही, फी भरलेलीच नाही. पडद्याचा प्रश्नही यातून थोडा हलका होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला आहे, तोही कमी असेल तितका चांगला. मोबाइल हिसकावून घेतल्याने रडारड होते. हाताला दुसरे काही लागले तर ती जरा कमी होते.

सतत भीती वाटणे, झोप उडणे, शाळेचे नाव काढताच पोट दुखणे, बोलणे बंद होणे अशी लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर मात्र रंगखडूंवर विसंबू नये. बालरोगतज्ज्ञांना भेटावे, किंवा शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

आणि ज्या वाचनालयाला मोठी तयारी जमणार नाही, त्याने या मेमध्ये पाचशे तुकड्यांचे एक चित्रकोडे आणून सतरंजीवर मांडावे. येणारे प्रत्येक मूल चार-दोन तुकडे लावून जाईल. संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींसाठी त्याच्याजवळ एक चिठ्ठी ठेवावी, की हे उचलू नका.